अँटेनाचा खालचा अर्धा भाग: दोन मीटर बँडसाठी घरगुती ग्राउंड प्लेन

हौशी रेडिओचा परवाना आला, कॉल साइन मिळाली, हातात मावणारा पाच वॅटचा सेटही आला. पहिल्याच संध्याकाळी लक्षात येतं, की रिपीटर (आपला सिग्नल उचलून उंचावरून पुन्हा सोडणारं स्टेशन) खणखणीत ऐकू येतोय, पण आपण पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं बटण) दाबून कितीही घसा ताणला तरी तिकडे कुणाला पत्ता नाही. इथे बहुतेक नवे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, जास्त वॅटच्या सेटची चौकशी सुरू करतात. ती चौकशी थोडी पुढे ढकला. खोट सेटमध्ये नाही, त्याच्या डोक्यावरच्या रबरी शेंडीत आहे. तिच्या जागी लावायची अँटेना तीन मीटर तार आणि एक कनेक्टर एवढ्या सामानातून एका दुपारी तयार होते.

या अँटेनाला ग्राउंड प्लेन म्हणतात. मधोमध एक काडी सरळ उभी आणि तिच्या बुडाशी चार काड्या खाली तिरक्या. कापड उडून गेलेल्या छत्रीसारखं ध्यान दिसतं. ही सर्वदिशी अँटेना आहे, म्हणजे क्षितिजाच्या चहूबाजूंना सारखीच बोलते आणि सारखीच ऐकते. रिपीटर कोणत्या दिशेला आहे हे बघून फिरवत बसावं लागत नाही. ‘सर्वदिशी’ या शब्दाने एक गैरसमज मात्र होतो. डोक्यावर, अगदी सरळ वर, ती जवळजवळ काहीच पाठवत नाही. त्यात तोटा नाही, कारण आपली बोलायची माणसं आकाशात नसून क्षितिजाकडे असतात.

एका हाताने टाळी

कापाकापीच्या आधी हे दोन मिनिटं वाचा. पुढे काही बिघडलं तर कारण बहुतेक वेळा इथेच सापडेल.

अँटेनाला दोन बाजू लागतात. डायपोलमध्ये त्या उघड दिसतात: दोन सारखे हात, मध्ये केबल. एका हातात प्रवाह जातो तेव्हा दुसऱ्या हाताने त्याला तोलून धरायचं असतं. एका हाताने टाळी वाजत नाही, तसंच हे. उभ्या काडीच्या अँटेनात वरचा हात डोळ्यांना दिसतो आणि नवशिक्याला वाटतं, झाली अँटेना. खालचा हात कुठे आहे, हा प्रश्न त्याला पडतच नाही.

हातातल्या सेटवरची रबरी शेंडी म्हणजे आखूड जागेत गुंडाळलेली तार. तिचा खालचा हात म्हणजे सेटचा छोटासा धातूचा सांगाडा आणि तो धरलेला तुमचा स्वतःचा हात. म्हणून तर सेट टेबलावर ठेवला की सिग्नल एक आणि हातात घेतला की दुसरा. मार्कोनी यांनी १८९५च्या सुमारास एक टोक उंच तारेला आणि दुसरं जमिनीला जोडलं, तेव्हा खालचा हात पृथ्वीनेच पुरवला होता. पण आपली अँटेना छपराच्या वर चढणार. जमीन तिथून कित्येक तरंगलांब्या दूर. म्हणून काडीच्या बुडाशी चार तारा पसरून जमिनीचं सोंग उभं करायचं. या तारांना रेडियल म्हणतात.

चारच का? आरसीए कंपनीतले अभियंते जॉर्ज ब्राऊन यांनी १९३०च्या दशकात ही रचना मांडली, तेव्हा त्यांना दोन रेडियल पुरेसे दिसले होते. विक्री विभागाला मात्र दोन काड्यांची अँटेना चारही दिशांना सारखं काम करेल हे पटेना, म्हणून आणखी दोन चढल्या, असा किस्सा सांगतात. तीन रेडियलवरही ही अँटेना छान चालते. आपण चार घेतोय ते केवळ कनेक्टरला चार भोकं असतात म्हणून.

आणि रेडियल लावलेच नाहीत तर? तर अँटेना गप्प बसत नाही, ती दुसरा हात स्वतः शोधते. केबलची बाहेरची जाळी हा तो हात होतो. मग केबलला बोट लावलं की मीटरचा काटा हलतो, केबल जरा सरकवली की आकडे बदलतात आणि जवळच्या स्पीकरमधून तुमचाच आवाज फाटका येऊ लागतो.

लांबी

तरंगलांबी मीटरमध्ये हवी असेल तर ३०० ला मेगाहर्ट्झने भागा. १४५ मेगाहर्ट्झला २.०७ मीटर येते, तिचा पाव भाग सुमारे ५१.७ सेंटिमीटर. प्रत्यक्षातल्या तारेला जाडी असते आणि तिच्या मोकळ्या टोकाचाही परिणाम होतो, त्यामुळे ती कागदावरच्या लांबीपेक्षा सुमारे पाच टक्के आखूड ठेवावी लागते. हिशेब एका ओळीत बसवायचा तर ७१३० भागिले मेगाहर्ट्झ म्हणजे सेंटिमीटरमध्ये लांबी. १४५ साठी ४९.२.

दोन मीटर बँड, म्हणजे सुमारे दोन मीटर तरंगलांबीचा पट्टा, कुठे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आहे, कुठे १४८ पर्यंत. तुमच्या परवान्यात जो पट्टा असेल त्याचा मध्य धरा. रेडियल थोडे लांब, ५२ सेंटिमीटरच्या आसपास ठेवायचे. तिथे पाच-दहा मिलिमीटर इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. उभ्या काडीचं तसं नाही. तिथे ३.४ मिलिमीटर म्हणजे एक मेगाहर्ट्झ. हा आकडा पाटीवर लिहून ठेवा, कापताना तोच उपयोगी पडतो.

रेडियल खाली का वाकवायचे, हेही इथेच सांगतो. ते आडवे ठेवले तर अँटेनाचा अवरोध (इम्पीडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा विरोध) साधारण ३६ ओहम येतो. सेट आणि केबल दोन्ही ५० ओहमची, आणि आकडे जुळले नाहीत तर थोडी शक्ती परत फिरते. रेडियल खाली झुकवत गेलं की अवरोध चढत जातो. ४५ अंशांच्या आसपास तो पन्नाशीला पोहोचतो. पूर्ण खाली, काडीच्या रेषेत आणले तर ती उभी डायपोलच होते आणि अवरोध ७३ ओहमच्या घरात जातो. म्हणजे जुळवणीसाठी वेगळं कॉइल नको, कपॅसिटर नको, तारा वाकवल्या की झालं. मला या अँटेनातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते.

सामान

चौकोनी पाटा आणि चार कोपऱ्यांत भोकं असलेला एसओ-२३९ कनेक्टर (केबलचा प्लग ज्यात फिरवून बसवतात तो सॉकेट) एक. एकाच मोठ्या नटाने बसणारा प्रकारही मिळतो, तो नको. आतलं पांढरं इन्सुलेशन टेफ्लॉनचं आहे याची खात्री करून घ्या. स्वस्त कनेक्टरमध्ये साधं प्लास्टिक असतं. माझ्या पहिल्या प्रयत्नात सोल्डरिंग आयर्न टेकवल्यावर ते वितळलं आणि मधली पिन दारू प्यायल्यासारखी एका बाजूला कलली.

तार तांब्याची किंवा पितळी, दोन ते तीन मिलिमीटर जाडीची. घरगुती वायरिंगची चार चौरस मिलिमीटरची एकेरी तार सोलून घेतली तर ती सव्वादोन मिलिमीटर भरते आणि छान चालते. मात्र अनेक बारीक तारांची पिळलेली केबल उभी राहत नाही. ॲल्युमिनियम घेऊ नका. साध्या सोल्डरने ते जोडलं जात नाही आणि वेगळ्या धातूशी ओलाव्यात सांधलं की सांधा कुजतो. एकूण तीन मीटर तार पुरते.

याशिवाय तीन मिलिमीटरचे चार स्क्रू, नट, वॉशर आणि तारेवर बसतील अशा चार रिंग लग (स्क्रूखाली अडकवायच्या धातूच्या कड्या). आतून २० मिलिमीटरच्या आसपास पोकळ असलेला ७० सेंटिमीटरचा पीव्हीसी पाइप, स्क्रूने आवळायचा एक होज क्लॅम्प, स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप आणि केबल.

केबलवर जरा थांबू. पातळ आरजी-५८ केबल १४५ मेगाहर्ट्झला दहा मीटरमध्ये साधारण दोन डीबी (डेसिबल, शक्ती किती घटली याचं माप) खाते. पाच वॅट सोडले तर वर सव्वातीन पोहोचतात. जाड आरजी-२१३ तेवढ्याच अंतरात एक डीबीहून कमी खाते, चार वॅट वर जातात. पाच-सात मीटरचं काम असेल तर पातळ केबलवर समाधान माना. पंधरा मीटरच्या पुढे जाड घ्या. दोन्ही टोकांना प्लग बसवलेली तयार केबल घेण्यात कमीपणा नाही. एसओ-२३९ मध्ये बसणाऱ्या पीएल-२५९ प्लगला जाळी सोल्डर करणं हे हॅमच्या आयुष्यातलं एक चिडचिडं काम आहे, ते पहिल्याच अँटेनाला अंगावर घ्यायची गरज नाही. हँडहेल्डच्या नाजूक सॉकेटवर जाड केबल लोंबकळू देऊ नका. मध्ये वीतभर पातळ जोडकेबल ठेवा.

जोडणी

१. तार सरळ करा. एक टोक व्हाइसमध्ये पकडून दुसरं पक्कडीने ताणलं की गुंडाळीतले पोक निघून जातात. मग ५३ सेंटिमीटरचा एक आणि ५४ सेंटिमीटरचे चार तुकडे कापा. हो, हिशेबापेक्षा जास्तच. कापलेली तार पुन्हा वाढत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही प्रत्येकाने एक तरी काडी आखूड कापलेली असते.

२. उभ्या काडीचं एक टोक पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा आणि त्यावर आधीच सोल्डरचा पातळ थर चढवा. कनेक्टरच्या मागच्या बाजूला मधल्या पिनला वाटीसारखा खोलगट भाग असतो, त्यात काडी उभी राहते. कनेक्टर व्हाइसमध्ये धरण्याआधी त्यात एक पीएल-२५९ प्लग फिरवून बसवा, म्हणजे तापल्यावर पिन जागची हलणार नाही. आयर्न ६० वॅटचं तरी हवं. २५ वॅटचं छोटं आयर्न एवढ्या धातूला पुरेसं तापवू शकत नाही. सोल्डर वरवर गोळा होऊन बसतं आणि पहिल्याच वाऱ्यात काडी निखळते. वाटी भरून सोल्डर वितळलं की आयर्न काढा आणि काडी अर्धं मिनिट अजिबात हलवू नका. थंड झालेला सांधा चमकदार दिसला पाहिजे. राखाडी, दाणेदार दिसला तर पुन्हा तापवा.

३. रेडियलच्या टोकाला रिंग लग बसवा, पक्कडीने दाबा आणि वर सोल्डरही करा. नुसतं दाबलेलं ओलाव्याने सैल होतं. पाट्याच्या चार भोकांत स्क्रू, वॉशर, लग, नट या क्रमाने आवळा. पाट्यावर कुठे रंग किंवा मळ असेल तर आधी घासून काढा, कारण धातूला धातू भिडला तरच खालचा हात जोडला जातो. मग मल्टिमीटर घ्या: प्रत्येक रेडियल आणि पाटा यांच्यात अखंड वाहन हवं, उभी काडी आणि पाटा यांच्यात अजिबात नको.

४. उभी काडी पाट्याच्या पृष्ठभागापासून मोजा, सोल्डरच्या वाटीपासून नाही. वाटीचा भागही अँटेनाच असतो. रेडियल स्क्रूच्या मध्यापासून ५२ सेंटिमीटर ठेवून उरलेल्या तारेचा टोकाशी लहानसा गोल वळवा. हा गोल डोळ्यांच्या बचावासाठी आहे. छपरावर वाकून काम करताना तारेचं उघडं टोक दिसत नाही.

५. चारही रेडियल ४५ अंशांत खाली वाकवा. कोनमापक नसेल तर कागदाचा चौरस कर्णावर दुमडा, तोच तुमचा कोन.

६. पाइपच्या वरच्या तोंडाला करवतीने चार सेंटिमीटर खोल दोन चिरा पाडा. केबल पाइपमधून खालून वर ओवून अँटेनाला जोडा आणि प्लगचा दांडा पाइपच्या तोंडात बसवून होज क्लॅम्पने आवळा. पाटा पाइपपासून थोडा वर राहू द्या, नाहीतर नट अडतात. पाइप आणि प्लग यांच्यात फट राहिली तर टेपचे दोन वेढे द्या.

७. केबल पाइपच्या खालून जिथे बाहेर पडते तिथे तिच्यावर चार-पाच क्लिपचे फेराइट (केबलभोवती बसणारे चुंबकीय गाभे) बसवा. रेडियल असले तरी थोडा प्रवाह केबलच्या बाहेरच्या अंगावर उतरू पाहतो. फेराइट त्याला तिथेच थोपवतात. नसतील तर पातळ केबलचं चार-पाच फेऱ्यांचं वेटोळं करून बांधा. त्याने फेराइटइतका बंदोबस्त होत नाही, पण काही नसण्यापेक्षा बरं.

मोजणं आणि छाटणं

मोजण्यासाठी १४५ मेगाहर्ट्झपर्यंत चालणारा एसडब्ल्यूआर मीटर लागतो. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते याचं माप, १ म्हणजे काहीच परत येत नाही. फक्त २७ मेगाहर्ट्झच्या सीबी रेडिओसाठी (सर्वसामान्यांच्या बोलण्याचा पट्टा) बनवलेले मीटर इथे काहीही दाखवतात. नॅनोव्हीएनए नावाचं खिशातलं उपकरण मिळालं तर फारच उत्तम, कारण त्यात प्रक्षेपण न करता अख्ख्या पट्ट्याची वक्ररेषा दिसते. वापरण्याआधी ओपन, शॉर्ट आणि लोड हे त्याचे तीन जोडतुकडे लावून ते कॅलिब्रेट करायचं मात्र विसरू नका.

अँटेना उघड्यावर, जमिनीपासून दोन मीटर तरी उंच, लाकडी काठीला बांधा. खोलीत, लोखंडी कपाटाशेजारी घेतलेलं माप त्या कपाटासकटचं माप असतं. मीटरने मोजताना कमीत कमी शक्ती ठेवा, मोकळी फ्रिक्वेन्सी बघा, कॉल साइन सांगा आणि पीटीटी दाबलेलं असताना काडीला कुणी हात लावणार नाही याकडे लक्ष द्या. रेडिओ लहरींचा चटका लहान असला तरी बराच खोल जातो.

आता १४४, १४५ आणि १४६ वर आकडे घ्या. खालच्या टोकाला एसडब्ल्यूआर कमी आणि वर जाताना वाढत असेल तर काडी लांब आहे. सुरुवातीला ती असणारच. समजा तळ, म्हणजे एसडब्ल्यूआरचा सगळ्यात कमी आकडा, १४० वर दिसला. तुम्हाला पाच मेगाहर्ट्झ वर जायचंय, म्हणजे सुमारे १७ मिलिमीटर कापायचे आहेत. ते एका घावात कापू नका. आधी दहा, मग मोजा, मग चार, मग कानशीने घासत घासत. हिशेब बरोबर असला तरी टेप धरणारा हात बरोबर असेलच असं नाही.

उलट, वरच्या टोकाला एसडब्ल्यूआर कमी दिसला तर काडी आखूड झाली. रडत बसू नका, टोकाला दोन सेंटिमीटर तार समांतर धरून सोल्डर करा आणि पुन्हा छाटत या.

तळ योग्य फ्रिक्वेन्सीवर आला, पण १.५ च्या खाली उतरतच नाही, तर दोष लांबीत नाही, कोनात आहे. चारही रेडियल सारखेच थोडे खाली करून बघा. आकडा बिघडला तर थोडे वर. कोन बदलला की तळही किंचित सरकतो, म्हणून शेवटची दोन मिलिमीटरची छाटणी कोन पक्का झाल्यावरच करा.

कुठे थांबायचं? १.५ ला चार टक्के शक्ती परत फिरते, २ ला अकरा टक्के, ३ ला पंचवीस. १.५ वरून १.१ वर आणण्यासाठी तीन संध्याकाळी घालवलेले लोक मला माहीत आहेत, त्यांतला एक मी. समोरच्या माणसाला त्यातला फरक ऐकू येत नाही.

वर चढवणं

त्याच तीन संध्याकाळी काठीची उंची वाढवण्यात घालवल्या असत्या तर फरक ऐकू आला असता. रेडिओ क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये काढायला उंचीच्या मीटरचं वर्गमूळ घेऊन ४.१२ ने गुणा. उभ्या माणसाच्या हातात, दीड मीटरवर, ते पाच किलोमीटर येतं. नऊ मीटरवर बारा. समोरच्या स्टेशनचं स्वतःचं क्षितिज त्यात वेगळं मिळवायचं.

काडी उभीच हवी. एफएम रिपीटर आणि गाड्यांवरच्या अँटेना उभ्या ध्रुवीकरणात चालतात. आडवी केली तर वीसेक डीबीचा फटका सहज बसतो. काठी धातूची असली तरी चालेल, पण तिचं टोक रेडियलच्या खालच्या टोकांपेक्षा खाली राहू द्या. म्हणूनच पाइप ७० सेंटिमीटरचा घेतला: वरचे ४५ मोकळे, खालचे २५ काठीला बांधायला.

एका बाबतीत ढिलाई चालणार नाही. विजेच्या तारा जवळपास असतील तर काठी आणि अँटेना मिळून जेवढी उंची होते, त्याहून बरंच जास्त अंतर सोडा. ती कोणत्याही बाजूला आडवी पडली तरी तारेला पोहोचता कामा नये. एकट्याने चढू नका. ढगांचा गडगडाट ऐकू यायच्या आधीच केबल सेटपासून सोडवा आणि तिचं टोक घराबाहेर ठेवा.

सगळे सांधे रबरी टेपने ताणून गुंडाळा. प्रत्येक वेढा आधीच्याला अर्धा झाकेल असा, आणि खालून वर, म्हणजे पाणी कौलांवरून ओघळावं तसं बाहेरून जाईल. काडीच्या बुडाशी सिलिकॉन लावायचं असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं टाळा, त्यातलं आम्ल तांबं खातं. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोका द्या, थेंब तिथूनच गळून जातात.

परवाना अजून हातात नसेल तरी ही अँटेना ऐकण्यासाठी बनवायला हरकत नाही, मात्र तुमच्याकडे ऐकण्याविषयी काय नियम आहेत ते बघून घ्या. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा हौशी रेडिओ १४५.८०० मेगाहर्ट्झवर उतरतो. स्थानक क्षितिजावरून वर चढताना सिग्नल वाढत जातो आणि बरोबर डोक्यावर आलं की, अंतर सगळ्यात कमी असूनही, तो पडतो. सर्वदिशी अँटेनाच्या माथ्यावरचं भोक कानांनी ऐकायचं असेल तर याहून सोपा प्रयोग नाही.

दुसऱ्या बँडसाठी तोच भागाकार करा. ४३५ मेगाहर्ट्झला काडी १६.४ सेंटिमीटर येते. दोन मीटरची अँटेना ४३५ वर तशीच लावली तरी बऱ्यापैकी बोलते, कारण ती फ्रिक्वेन्सी बरोबर तिप्पट आहे आणि काडी तिथे पाऊण तरंगाची होते. पण तिचा बराचसा जोर आकाशाकडे वळतो.

वर्षातून एकदा एसडब्ल्यूआर पुन्हा मोजा आणि पहिल्या दिवशीच्या आकड्यांशी ताडून बघा. आकडा चढला तर सांधा सैल झालाय किंवा एखादा रेडियल तुटलाय, ते शोधणं सोपं. जास्त काळजी करायची ती आकडा आपोआप सुधारला तर. केबलमध्ये पाणी शिरलं की ती वर जाणारी शक्ती खाते आणि परत येणारीही खाते. मीटरला परत काही आलेलं दिसत नाही आणि तो १.१ दाखवत खूश राहतो. अशा वेळी वरच्या टोकाचा प्लग कापा, जाळी काळी पडली आहे का बघा आणि चकचकीत तांबं लागेपर्यंत केबल मागे कापत जा.